शरणु शरणार्थी

परदेशात जाऊन धर्माची सेवा करायची तर माणसाला घरदार, आप्तस्वकीय, मातृभूमी आणि देहाचं सुख या चारही गोष्टींचा त्याग करावा लागतो. शिवयोगी स्वामीनं चारही गोष्टींचा त्याग केला आणि खिडकीची सीट मागून घेतली. विमानाची खिडकी, खिडकीबाहेरचा पंख आणि पंखाखालचे ढग असा फोटो त्यानं मठाच्या ग्रुपवर टाकला, तेव्हा दहा मिनिटांत सगळ्या ग्रुपनं हात जोडले. सिद्धेश्वरनं फक्त पावणेदोन तास घेतले. रेंज नव्हती, असं तो नंतर म्हणाला.

सिद्धेश्वर हा शिवयोगीचा सख्खा चुलतभाऊ. वयानं सहा वर्षांनी मोठा, आणि त्याच्या स्वतःच्या मते बाकी बाबतींत त्याहून जास्त. दोघं जंगम, लिंगायतांच्या पुरोहित घराण्यातले. दोघांचं लहानपण सोलापुरात होसबेळकू मठाच्या पायऱ्यांवर गेलेलं, दोघांना बसवण्णांची वचनं तोंडपाठ. राहायलाही एकाच घरात होते. पण लग्न झाल्यावर सिद्धेश्वरनं घराच्या मधोमध भिंत घातली आणि तेव्हापासून त्या घराची दोन घरं झाली. भिंत सरळ आली असती तर नळ शिवयोगीच्या बाजूला गेला असता. म्हणून ती नळापाशी थोडी वळली होती.

तर मठाकडं जर्मनीहून एका इंजिनिअरचं पत्र आलं. इंजिनिअर मूळचे दुधनीचे. इथं आपली पंचवीस-तीस घरं आहेत, मुलांना वचनं येत नाहीत, पूजा कशी करायची हे सांगायला कुणी नाही, तरी एखादा तरुण जंगम पाठवा, खोली आमच्याकडं आहे. दोघा भावांनी अर्ज केले. निवड शिवयोगीची झाली. 'तीन महिने धाडून बघू, मग वर्षाचं ठरवू,' असं मठाच्या कमिटीचे अध्यक्ष चनमल्लप्पा म्हणाले. चनमल्लप्पांची दुधनीला डाळमिल होती, त्यामुळं कुठलीही गोष्ट आधी चाळून मग पोत्यात भरायची त्यांची सवय होती.

ते तीन महिने येत्या रविवारी संपणार होते. रविवारी बैठक. वर्षभरासाठी शिवयोगीलाच ठेवायचं, की त्याला बोलावून दुसऱ्याला धाडायचं, एवढा एकच विषय होता. दुसरा म्हणजे कोण, याबद्दल निदान सिद्धेश्वरला तरी शंका नव्हती.

पहिल्या खेपेला आपण का राहिलो, याचा त्यानं तीन महिने अभ्यास केला होता. कारणं तीन निघाली. एक, शिवयोगी उंच आहे, फोटोत बरा दिसतो. दोन, त्याचं इंग्रजी. ते 'मे आय कम इन सर'च्या पुढं फारसं गेलेलं नव्हतं, पण तेवढं तो ठासून म्हणायचा. तीन, अध्यक्षांच्या डोक्यात आपल्या पुतणीचं शिवयोगीशी लग्न असणार. तिसरं कारण सिद्धेश्वरला सगळ्यात पटलं होतं, कारण त्याला कसलाच पुरावा नव्हता.

या खेपेला मात्र त्यानं कसर ठेवली नव्हती. चाकाची बॅग आणून कपाटावर ठेवली होती. लोकरीची कानटोपी सोलापूरच्या उन्हात घालून बघितली होती आणि कपाळावर घामोळं आणलं होतं. जर्मन भाषेतला सकाळचा नमस्कार पाठ केला होता आणि तो रोज उठल्याउठल्या बायकोला करायचा. बायको दानेश्वरी मंगळवेढ्याची. ती म्हणायची, "आधी दात घासा."

सोमवारी सकाळी चनमल्लप्पांचा फोन आला. सिद्धेश्वर तेव्हा कामावर होता. पोस्टाशेजारच्या एका प्रेसमध्ये तो लग्नपत्रिकांचा मजकूर जुळवायचा, मराठी, कन्नड आणि तेलुगू, तिन्ही लिप्यांत. पोस्टात पासपोर्टचं केंद्र असल्यामुळं प्रेसमध्ये झेरॉक्सलाही दिवसभर माणसं यायची. त्यांचे पासपोर्ट काचेवर पालथे घालताना सिद्धेश्वरला नेहमी वाटायचं, बघा, कोण कोण चाललंय, आणि यांना एक धड वचन येत नसणार.

"सिद्धू," चनमल्लप्पा म्हणाले, "तुझं मराठी झकास हाय बघ."

"कृपा तुमची, अण्णा."

"एक काम कर की. शिवयोगी आता रोज ग्रुपवर टाकतोय काय काय. हा आठवडा नीट बघ आणि त्याचा एक अहवाल कर. 'परदेशातील सेवेचा एक आठवडा' असं नाव दे वर. फुलाची किनार काढ. रविवारी बैठकीत तूच वाच."

"मी?"

"मग काय मी वाचू? मला चष्मा लागतोय."

अशा रीतीनं शिवयोगीच्या थोरवीचं गद्य लिहायचं काम सिद्धेश्वरकडं आलं. आपल्या पोटात दुखतंय म्हणून शेजाऱ्याकडं ओवा मागायला जावं आणि त्यानं दुसऱ्याच्या बारशाचा स्वयंपाक सांगावा, तसं त्याला झालं. त्यानं फोन उघडला.

गेले पावणेतीन महिने शिवयोगीचे फोटो सोसण्यासारखे असायचे. शनिवार-रविवार तो आपल्या लोकांच्या घरी जायचा आणि बाकीचे पाच दिवस खोलीत बसून खिडकीचा फोटो काढायचा. त्या सोमवारी पहिल्यांदा खिडकीऐवजी कोट होता. निळा, गुडघ्यापर्यंतचा, जाड. कोटात शिवयोगी, आणि कोटाचं वरचं बटण लावून देणारी एक पांढऱ्या केसांची बाई.

खाली लिहिलं होतं : 'सर्वांना शरणु शरणार्थी. इंजिनिअर साहेब म्हणाले, खोलीत कुजत बसू नको, जवळच एक हॉल आहे, तिथं चहा मिळतो, लोक भेटतात. म्हणून गेलो. दारात हेल्गाआज्जी होत्या. मला त्यांची भाषा येत नाही, म्हणून फोनला सांगितलं की मी मराठीत बोलतो, तू जर्मनमध्ये सांग. मग हात जोडून आपल्या पद्धतीनं शरणु शरणार्थी म्हटलं. फोन बोलला. आज्जींनी माझे दोन्ही हात धरले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग आत जाऊन त्यांनी हा कोट आणला. लई भाविक लोक आहेत.'

लिंगायत घरात माणूस भेटला की हात जोडून 'शरणु शरणार्थी' म्हणतात. कन्नडातला जुना नमस्कार आहे. सिद्धेश्वर तो दिवसातून वीस वेळा म्हणायचा आणि आणखी वीस वेळा पत्रिकांच्या माथ्यावर जुळवायचा. इतक्या वर्षांत त्याबद्दल कुणी त्याला हातरुमालही दिला नव्हता.

संध्याकाळी भिंतीपलीकडून नागम्मा आली. नागम्मा म्हणजे शिवयोगीची आई. तिला वाचता यायचं, पण मुलाचं पत्र पुतण्याच्या तोंडून ऐकायला तिला आवडायचं. सिद्धेश्वरनं जमेल तितकं सपाट वाचलं.

"यप्पा," नागम्मा म्हणाली, "रडली म्हणे ती बाई?"

"डोळ्यात पाणी आलं असं लिहिलंय. थंडीनं पण येतं काकू."

"थंडीनं कोट देतंय का कोण?" नागम्मा म्हणाली आणि उरलेली गल्ली सांगायची होती म्हणून लगेच उठली.

मंगळवारी जेवण आलं. लांब टेबल, टेबलावर वाफाळतं सूप, जाड पाव, आणि शिवयोगीसाठी वेगळं केलेलं बिनमांसाचं. आजूबाजूला निरनिराळ्या देशांची माणसं, कुणी डोक्याला फडकं बांधलेलं, कुणी कडेवर मूल घेतलेलं. 'इथं सगळ्या जगाचे लोक येतात,' शिवयोगीनं लिहिलं होतं. 'मी आत शिरलो की आज्जी सगळ्यांना थांबवतात आणि माझी ओळख करून देतात. मग सगळे शांत होतात. मी शरणु शरणार्थी म्हणतो. फोन बोलतो. एका माणसानं तर मला मिठी मारली आणि म्हणाला, मी पण.'

मंगळवार हा सिद्धेश्वरचा मठातल्या बालवचन वर्गाचा दिवस. मुलं चार आली. एक झोपलं. एकानं विचारलं, शेंगाचटणी आज आहे का. तिसरं आणि चौथं भावंडं होती, त्यांची रिक्षा आली तशी ती अर्ध्या वचनात उठून गेली. मी पण, असं कुणी म्हणालं नाही.

रात्रीचं जेवताना त्यानं दानेश्वरीला हे सांगितलं नाही. पण तिनं ग्रुप वाचला होता.

"चांगलं चाललंय की भावजींचं," ती म्हणाली. "सगळ्या जगाचे लोक."

"सूप म्हणजे काय ते माहीत आहे का तुला? पाणी असतं नुसतं."

"आपल्याकडं ते बी चार दिवसांनी येतंय."

बुधवारी सायकल आली. लाल, गिअरची, पुढं टोपली असलेली. टोपलीत मोजे. हेल्गाआज्जींच्या नातवाची होती, तो मोठा झाला, म्हणून दिली. सायकलवर शिवयोगी, पाठीमागं झाडं, झाडांची पानं पिवळी. ग्रुपवर हात जोडायला आता माणसं पुरेनात. चनमल्लप्पांनी स्वतः लिहिलं : 'सेवा असावी तर अशी.' सिद्धेश्वर त्या वेळी स्कूटरला किक मारत होता. तेरावी बसली तेव्हा स्कूटर चालू झाली आणि चौदाव्या मिनिटाला मठाच्या वळणावर बंद पडली. उरलेला रस्ता तो तिला हातानं ढकलत गेला. भेटेल तो विचारत होता, "काय स्वामी, जर्मनीला सायकल मिळाली म्हणं?" जसं काही सायकल त्यालाच मिळाली होती आणि तो ती घ्यायला पायी निघाला होता.

अहवालाचं काम मात्र चालू होतं. लिहिताना त्याची चांगलीच गोची व्हायची. 'कोट' लिहिलं की कोट दिसायचा. म्हणून त्यानं 'वस्त्र' लिहिलं. सायकलचं 'वाहन' केलं. ते वाचल्यावर लोकांना मोटार वाटेल असं ध्यानात आल्यावर पुन्हा सायकल केली, आणि शेजारी 'जुनी' असं घातलं.

गुरुवारी वर्तमानपत्र आलं.

जर्मनीतलं, पण वर्तमानपत्रच. चौथं पान, अर्धा रकाना मजकूर, वर फोटो. मधे शिवयोगी निळ्या कोटात, एका बाजूला हेल्गाआज्जी, दुसऱ्या बाजूला गावचे नगराध्यक्ष. शिवयोगीच्या छातीवर एक बिल्ला. बिल्ल्यावर त्याचं नाव आणि नावाखाली लांबलचक जर्मन शब्द. 'नगराध्यक्षांनी हात मिळवला. मला काय काय विचारलं, मी सगळं खरं खरं सांगितलं. लिहून घेतलं त्यांनी,' एवढंच शिवयोगीनं कळवलं होतं.

सिद्धेश्वरचाही फोटो एकदा वर्तमानपत्रात आला होता. गड्ड्याच्या यात्रेतल्या गर्दीचा. त्यात त्याचं कोपर होतं. ते कात्रण त्यानं लॅमिनेट करून घेतलं होतं.

तो बराच वेळ बिल्ल्याकडं बघत बसला. पदवी असणार. नावाखाली येते ती पदवीच असते. पत्रिका जुळवून जुळवून एवढं त्याला कळत होतं. त्यानं फोनचा कॅमेरा बिल्ल्याच्या फोटोवर धरला आणि मराठी करायला सांगितलं. फोननं क्षणभर विचार केला आणि जर्मन अक्षरं पुसून तिथं स्वच्छ देवनागरीत लिहिलं : शरणार्थी.

म्हणजे त्या लोकांनी आपला नमस्कार स्वतःच्या भाषेत नेला, छापला आणि याच्या छातीवर पदवी म्हणून लावला. तीन महिन्यांत. त्यानं मथळ्यावर कॅमेरा धरला. 'आपल्यातला एक तरुण शरणार्थी.' त्याच्यापुढं वाचवेना. त्यानं फोन पालथा घातला, झेरॉक्सच्या काचेवर पासपोर्ट घालायचा तसा.

त्या दिवशी घरी आल्यावर तो भाकरीकडं बघत बसला. दानेश्वरीनं दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा फोनच काढून घेतला.

"ह्यात रडण्यासारखं काय हाय?"

"रडत नाही मी. बघ ना, बिल्ला बघ. शरणार्थी म्हणून पदवी दिली. आपला शब्द. मी दिवसाला वीस पत्रिकांवर घालतो, मला कुणी दिली का?"

दानेश्वरीनं फोटो मोठा केला, बिल्ला बघितला, मग मागची माणसं बघितली, डोक्याला फडकं बांधलेली, कडेवर मुलं घेतलेली. तिच्या माहेरी कन्नड कुणाला येत नव्हतं आणि सासरी येऊन चार वर्षांत तिनं ते शिकायचं नाकारलं होतं.

"अहो, तुमच्यात असंल तो नमस्कार," ती म्हणाली. "आमच्या मंगळवेढ्यात शरणार्थी म्हंजे बातम्यांतले. लढाईतनं पळून आलेले. तंबूत राहत्यात, त्यांना कपडे वाटत्यात, सूप वाटत्यात."

ती भाकरी थापायला गेली. सिद्धेश्वर मात्र तसाच बसून राहिला. आधी कोट त्याच्या डोळ्यांपुढून गेला, मग सूप, मग मी पण म्हणणारा माणूस, मग सायकल. मराठी भाषेवर ज्याचं पोट चालतं त्या माणसाला हा अर्थ मंगळवेढ्यातून कळावा, याचं त्याला वाईट वाटलं. पण फार नाही. कारण त्याला भूक लागली होती. तीन महिन्यांत पहिल्यांदा त्यानं चार भाकऱ्या खाल्ल्या.

शुक्रवारी त्यानं शिवयोगीला फोन लावला. खात्री करून घेणं हे अहवाल लिहिणाऱ्याचं कर्तव्यच असतं.

"शरणु शरणार्थी दादा," शिवयोगी म्हणाला. आवाज आनंदी होता. "तुमीच फोन केलात की. सायकल बघितली का?"

"बघितली. मला सांग, तिथले लोक तुला विचारतात काय काय?"

"लई चौकशी करतेत दादा. पहिल्या दिवशी विचारलं, पायी आलास का. मला वाटलं, आपल्याकडं देवाला चालत जातेत हे त्यांना म्हाईत असणार. म्हटलं, न्हाई, विमानानं."

"मग?"

"त्यांना आश्चर्य वाटलं. मग म्हणले, समुद्रात बोट बुडाली का. म्हटलं, न्हाई, खिडकीची सीट होती. मग घरी कोण कोण राहिलंय विचारलं. म्हटलं, आई एकटी हाय. तर आज्जी लई रडल्या. मायाळू लोक आहेत. घर हाय का विचारलं, तेबी सांगितलं."

"बरं बरं," सिद्धेश्वर म्हणाला. "असंच सांगत राहा."

"दादा, तुमच्यासाठी बी एक कोट मागू का? हितं लई पडलेत."

सिद्धेश्वरला एक क्षण कोट दिसला. मापाचा. मग त्यानं फोन ठेवला.

त्या दुपारी त्यानं अहवाल पुन्हा लिहिला. आता त्याला शब्द सुचत होते. वस्त्राचा कोट झाला, जुनी सायकल नुसती सायकल झाली, सूप वाफाळू लागलं. शिवयोगीला त्यानं इतकं उंच नेलं की खाली पडताना सगळ्यांना नीट दिसावा. शेवटच्या पानावर फक्त एक परिच्छेद ठेवला : 'तथापि, शरणार्थी या शब्दाचा अर्थ पाहता.' भोवती फुलाची किनार काढली.

शनिवारी नागम्मा शेंगाच्या पोळ्या घेऊन आली. भिंतीच्या वळणाला खांदा लागू नये म्हणून ती नेहमी थोडी तिरकी होऊन यायची.

"उद्या तू वाचणार म्हणं. मी पण येणार हाय ऐकायला."

सिद्धेश्वरनं पोळी तोंडात घातली. "तुम्ही कशाला काकू, बैठक लांबते. गुडघे दुखतील."

"दुखू देत. पोराचं नाव निघतंय." तिनं आणखी एक पोळी पुढं केली. "सिद्धू, खरं सांगू का. त्याला काय कळत न्हाई रे. लहानपणापास्नं कोण काय बी दिलं की घेतंय, हसतंय. दोघांत हुशार तूच. मी अण्णांना तवाच म्हटलं होतं, मोठ्याला धाडा."

सिद्धेश्वरनं पोळी खाली ठेवली. एवढं कुणी आजवर म्हटलं नव्हतं. शेवटचं पान काढून टाकावं असं त्याला वाटून गेलं.

"मग अण्णा काय म्हणाले?"

"काय की," नागम्मा म्हणाली. "हसले."

हसले. म्हणजे पुतणीचंच. सिद्धेश्वरनं शेवटचं पान ठेवलं.

रविवारी मठाच्या सभागृहात साठ-सत्तर माणसं जमली. एरवी बैठकीला अकरा यायची. चनमल्लप्पा मधे, समोर टेबलावर फाईल. नागम्मा पहिल्या रांगेत, नवं लुगडं नेसून. दानेश्वरी बायकांच्या कडेला, दाराजवळ.

सिद्धेश्वरनं सुरेख वाचलं. कोटाला लोक हरखले, सायकलला माना डोलल्या, नगराध्यक्षांनी हात मिळवला तिथं टाळ्या पडल्या. चनमल्लप्पा म्हणाले, "वा." मग त्यानं पान उलटलं आणि आवाज खाली आणला.

"तथापि," तो म्हणाला, आणि सगळं सांगितलं. फोनला मराठी येतं, आपला आचार येत नाही. आपण नमस्कार केला, त्यानं भाषांतर केलं. त्या भल्या लोकांना वाटतंय, हा लढाईतून जीव घेऊन आलेला निराधार आहे. जे कपडे आणि जेवण निर्वासितांसाठी आहे, ते मठाचा प्रतिनिधी घेतोय. "मला हे सांगताना अत्यंत दुःख होतंय," असं लिहिलेलं त्यानं तसंच वाचलं.

मागून एकानं विचारलं, "कोट परत घेतेत का मग?" दुसरा म्हणाला, "सायकल फुकट देतेत ना पण? अर्ज कुठं करायचा असतोय?" त्याला शेजारच्यानं गप्प केलं आणि मग स्वतः पुढं वाकून ऐकू लागला.

"थांबा," चनमल्लप्पा म्हणाले. "पेपरात काय छापलंय सगळं? नुसतं वरचं वाचून न्हाई चालत. माल खालपर्यंत बघायचा असतोय." त्यांनी चष्मा चढवला, स्वतःचा फोन काढला, फोटोतल्या मजकुरावर धरला. डोळ्यांना त्रास नको म्हणून त्यांचा फोन वाचूनही दाखवायचा. फोनमधली बाई शांत, सपाट आवाजात बोलू लागली.

"तरुण भिक्षू भारतातील सोलापूर येथून आला आहे. तो म्हणतो, त्याच्या घरात नातेवाईकाने भिंत बांधली. पाणी भिंतीच्या दुसऱ्या बाजूला आहे. पाणी चार दिवसांतून एकदा येते. त्याची आई अजूनही तिथेच आहे. त्याच्या मनात नातेवाईकाबद्दल राग नाही. तो म्हणतो, भिंत सरळ नाही, पण मजबूत आहे."

साठ-सत्तर माणसांनी माना वळवल्या. सिद्धेश्वर कागदाच्या फुलाच्या किनारीकडं बघत उभा राहिला. बायकांच्या बाजूनं कुणीतरी हसलं; ते मंगळवेढ्याचं हसणं होतं, त्यानं ओळखलं.

"काकू," तो म्हणाला, "हे असं काही मी—"

"खोटं काय हाय त्यात?" नागम्मा म्हणाली. रागावून नाही. विचारलं म्हणून सांगावं तसं.

चनमल्लप्पांनी फोन खिशात घातला. मग म्हणाले, "आज संध्याकाळी मी शिवयोगीशी बोलतो. आज्जीकडं जाऊन खरं काय ते सांग म्हणतो, कोट, सायकल, सगळं हात जोडून परत कर. नमस्कार करताना फोन बंद ठेव. आता त्या गावात त्याला वर्षभर ठेवणं बरं न्हाई. लोकांचा गैरसमज झालाय, मठाचं नाव हाय. परत बोलवूया. कुणाची हरकत?"

हरकत कुणाचीच नव्हती.

"आणि भिंतीचं म्हणाल तर तो घरातला विषय हाय. सेवेला माणूस तर धाडायचाच हाय. वचनं पाठ पाहिजेत, मराठी चांगलं पाहिजे, शब्दाचे सगळे अर्थ म्हाईत पाहिजेत." ते सिद्धेश्वरकडं वळले. "सिद्धू, तू जातोस का?"

सिद्धेश्वरच्या अंगावर एकदम कोट चढल्यासारखं झालं. भिंत गेली, नळ गेला, सत्तर माणसांच्या माना गेल्या. कपाटावरची बॅग चाकं फिरवत खाली उतरली.

"आपली आज्ञा असेल तर, अण्णा."

"मग झालं की. साहेबांना आजच कळवतो, ते तिकडचे कागद करतेत. पुढल्या महिन्यात निघायचं बघ." चनमल्लप्पांनी फाईल पुढं ओढली. "मागल्या टायमालाच तुला धाडायचं होतं बघ. मोठा तू, हुशार तू. नागम्माबी म्हणली होती. पर अडचण झाली." त्यांनी फाईल उघडली आणि दोन्ही भावांचे अर्ज शेजारी शेजारी टेबलावर मांडले. "ती एक गोष्ट झाली असंल आता. नंबर सांग, म्हंजे घालतो."

शिवयोगीच्या अर्जात पासपोर्ट क्रमांकाच्या रकान्यात एक इंग्रजी अक्षर आणि सात आकडे होते. सिद्धेश्वरच्या अर्जात त्याच रकान्यात, त्याच्याच वळणदार अक्षरात, लिहिलं होतं : निवड झाल्यावर काढू.